एकाच फंडाचे दोन भाव

अब्बांच्या इंतकालनंतर तीनेक महिन्यांनी, 2022 च्या उन्हाळ्यात, आम्ही भावंडं सोलापूरच्या घरी कागदपत्रं घेऊन बसलो. घर अम्मीच्याच नावावर होतं, त्यामुळे त्याचा प्रश्न नव्हता. पोस्टातली ठेव सरळ होती. अडलं ते म्युच्युअल फंडाच्या दोन स्टेटमेंटपाशी.

फंड एकच. गुंतवणुकीची तारीखही एकच, 2003 सालातली. रिटायर झाल्यावर जिल्हा परिषदेकडून मिळालेल्या पैशांतून अब्बांनी दोन फोलिओंत प्रत्येकी पन्नास हजार टाकले होते. तेव्हा युनिट दहा रुपयांना होतं, म्हणजे प्रत्येक फोलिओत पाच हजार युनिट. एकोणीस वर्षांनंतरही युनिट तेवढीच होती. पण एका स्टेटमेंटवर भाव होता 148.60 आणि दुसऱ्यावर 31.70. एक फोलिओ सात लाख त्रेचाळीस हजारांचा, दुसरा एक लाख अठ्ठावन्न हजार पाचशेचा.

धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, सोपं आहे. दोन्हींत पाच-पाच हजार युनिट आहेत. एक फोलिओ आपण दोघं भाऊ घेऊ, एक अम्मी आणि आपा घेतील." कुठला कोणी घ्यायचा, हे तो बोलला नाही. त्याच्या मनात कपट होतं असं मला आजही वाटत नाही. युनिट सारखी म्हणजे वाटा सारखा, एवढाच त्याचा हिशोब. आपाने मात्र भावाचा आकडा वाचला आणि तिचा चेहरा बदलला. "दुसऱ्यात अब्बांना कुणीतरी फसवलंय," ती म्हणाली. खरं सांगतो, मलाही तेच वाटलं. इतिहासाच्या पुस्तकांत आयुष्य गेलेल्या माणसाला घरातले दोन कागद वाचता आले नाहीत.

पहिल्या कागदावर योजनेच्या नावापुढे 'ग्रोथ' होतं, दुसऱ्यावर 'आयडीसीडब्ल्यू'. फरक एवढाच. ही चार अक्षरं म्हणजे पूर्वीचा 'डिव्हिडंड', हे मला नंतर कळलं. इंग्लंडमध्ये यांनाच अ‍ॅक्युम्युलेशन युनिट आणि इन्कम युनिट म्हणतात. एकात कमाई आत साठते, दुसऱ्यात ती धारकाला वाटली जाते. शेअर तेच, सांभाळणारा मॅनेजर तोच, मग भावात पाचपट फरक कसा?

गणित अगदी प्राथमिक शाळेतलं आहे. दोन्ही युनिट दहा रुपयांची. वर्षात फंड वीस टक्के वाढला, दोन्हींचा भाव बारा झाला. डिव्हिडंडवाल्याला दोन रुपये वाटले. ते फंडातून बाहेर पडले, म्हणून त्याचा भाव त्याच दिवशी पुन्हा दहावर आला. ग्रोथवाला बारावरच राहिला. दुसऱ्या वर्षी पुन्हा वीस टक्के वाढ झाली. डिव्हिडंडवाला झाला बारा आणि ग्रोथवाला 14 रुपये 40 पैसे. वाटले दोनच रुपये, पण अंतर पडलं 2 रुपये 40 पैशांचं. वरचे चाळीस पैसे म्हणजे न वाटलेल्या दोन रुपयांनी आत राहून केलेली कमाई. असं एकोणीस वर्षं चालू द्या, म्हणजे अंतर कुठवर जातं ते कळेल. यात कुणी फसवलेलं नसतं. कमी भाव म्हणजे कमकुवत फंड नव्हे आणि स्वस्त फंडही नव्हे. त्या युनिटमधून किती पैसा आधीच बाहेर गेला आहे, त्याची ती नोंद असते.

इतकी साधी गोष्ट आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या उलटी का समजली गेली, हा प्रश्न मला त्या दिवसापासून छळत राहिला. त्याचं उत्तर शोधायला 1964 सालात जावं लागतं.

युनिट ट्रस्ट ऑफ इंडिया संसदेच्या 1963 च्या कायद्याने उभी राहिली. अर्थमंत्री होते टी. टी. कृष्णमाचारी. जुलै 1964 मध्ये तिची पहिली योजना आली, युनिट स्कीम 1964. लोक तिला 'यूएस-64' किंवा नुसतं 'युनिट' म्हणत. दर्शनी किंमत दहा रुपये. शेअर बाजार म्हणजे सट्टा आणि सट्टा म्हणजे बरबादी, असं मानणाऱ्या मध्यमवर्गाला या योजनेने पहिल्यांदा बाजाराच्या दारापर्यंत नेलं, तेही बाजाराचं नाव न घेता. संस्था सरकारी, कागदावर सरकारी वजन, आणि दर जुलैत घरी पोस्टाने येणारं डिव्हिडंड वॉरंट.

आमच्यासारख्या घरांत आणखी एक गोष्ट होती. बँकेतल्या व्याजाबद्दल अब्बांच्या मनात कायम किंतु असे. 'युनिट'मधून जे येतं ते व्याज नाही, नफ्यातला हिस्सा आहे, असं त्यांना कुणीतरी सांगितलं आणि ते त्यांना पटलं. युनिट ट्रस्टचा बराच पैसा कर्जरोख्यांतही असे, हे त्यांना ठाऊक नसावं. शब्द 'डिव्हिडंड' होता, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. शब्दांवर विसंबण्याची ही सवय पुढे सगळ्यांनाच महागात पडली, व्याज घेणाऱ्यांनाही आणि न घेणाऱ्यांनाही.

यूएस-64 चं वर्ष जुलै ते जून चाले. जुलैत युनिटचा विक्रीभाव वर्षातला सगळ्यात कमी असे, मग महिन्यागणिक तो वाढवत नेत. "जुलैत युनिट स्वस्त मिळतं," हे वाक्य मी लहानपणी स्टाफरूममधल्या मास्तरांच्या तोंडी ऐकलेलं आहे. प्रत्यक्षात जूनच्या भावात वर्षभराची साठलेली कमाई धरलेली असे आणि जुलैत ती वाटून झालेली असे. म्हणजे वर सांगितलेलंच गणित. पण ते लोकांना दिसत नव्हतं, कारण भाव बाजारातल्या मालमत्तेवरून रोज काढला जात नव्हता. संस्था तो ठरवून जाहीर करायची. डिव्हिडंड दिला म्हणून किंमत तेवढीच घसरली, असं कुणी डोळ्यांनी पाहिलंच नाही. त्यामुळे डिव्हिडंड म्हणजे वरची कमाई, मुद्दल आहे तिथेच सुरक्षित, असा समज पक्का बसला. गाय दूध देते आणि गाय तशीच राहते, तसं.

पण यूएस-64 ची गाय तशीच राहिली नव्हती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला डिव्हिडंड वीस टक्क्यांच्या वर गेला होता. दर वर्षी तो टिकवायचा तर कमाई तेवढी हवी. ती नसली की राखीव निधीला हात घालावा लागतो. 1998 च्या ऑक्टोबरात जाहीर झालं की यूएस-64 चा राखीव निधी उणे झाला आहे, तोही हजार कोटींहून जास्त. दीपक पारेख यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींमध्ये मुख्य एक होती: भाव मालमत्तेच्या खऱ्या मूल्याशी जोडा. ते ताबडतोब झालं नाही. सरकारने मदत केली, बाजार चढला, सगळे विसरले. मग 2001 साली बाजार कोसळला आणि 2 जुलैला संस्थेने यूएस-64 ची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवल्याचं जाहीर केलं. धारक सुमारे दोन कोटी होते. अब्बा त्यांतले एक. त्या संध्याकाळी ते मगरिबची नमाज पढून आले आणि जेवायला न बसता कपाटातली युनिट सर्टिफिकेटं काढून मोजत राहिले, हे मला स्वच्छ आठवतं. आपाच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे त्यात होते.

लहान धारकांचा आवाज मोठा झाला तेव्हा तीन हजार युनिटपर्यंत दहा रुपयांनी परत घेण्याची आणि तो भाव दरमहा दहा पैशांनी वाढवत 2003 च्या मेपर्यंत बारा रुपयांवर नेण्याची सोय झाली. अब्बा त्यातून वाचले. पण जानेवारी 2002 पासून खरा भाव जाहीर होऊ लागला तेव्हा तो सहा रुपयांच्या आसपास होता. दर्शनी दहा, खरे सहा. मधले पैसे काही बाजाराने खाल्ले होते आणि काही आधीच डिव्हिडंड म्हणून घरोघर जाऊन खर्च झाले होते. आपण फळ खातो आहोत असं दोन कोटी माणसांना वाटत होतं, आणि काही वर्षं तरी ती फांदी खात होती.

वक्फची जुनी व्याख्या इथे आठवल्याशिवाय राहत नाही. हजरत उमर यांना खैबरमध्ये जमीन मिळाली तेव्हा त्यांना सल्ला दिला गेला तो असा: मूळ राखून ठेव, उत्पन्न वाटून टाक. वाटप करणाऱ्या प्रत्येक व्यवस्थेचा कस त्या एका रेषेवर लागतो. मूळ कुठे संपतं आणि उत्पन्न कुठे सुरू होतं? लंडनमध्ये 1868 साली फॉरेन अँड कलोनियल ट्रस्ट निघाला तेव्हाही प्रश्न हाच होता. शंभर पौंडांचं प्रमाणपत्र पंच्याऐंशीला विकलं, त्यावर ठरलेलं सहा टक्के उत्पन्न द्यायचं, आणि वर उरेल त्यातून दर वर्षी चिठ्ठ्या टाकून काही प्रमाणपत्रं शंभर पौंडांनी परत घ्यायची. किती वाटायचं आणि उरलेल्याचं काय करायचं, हे निदान आधी लिहून ठेवलेलं होतं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात खाजगी फंड आले, सेबीचे नियम आले, आणि एकाच योजनेत ग्रोथ व डिव्हिडंड असे दोन पर्याय शेजारी शेजारी बसले. भाव रोज जाहीर होऊ लागला. आता तरी लोकांना गणित दिसायला हवं होतं. दिसलं, पण आधी हुशार मंडळींना.

24 मार्च 2000 चा एक व्यवहार पुढे सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, म्हणून त्याचे आकडे आपल्याला मिळतात. इन्कम-अ‍ॅक्युम्युलेशनचा फरक याहून स्वच्छ दाखवणारं उदाहरण मला सापडलेलं नाही. चोला फ्रीडम इन्कम फंडाच्या युनिटचा भाव त्या शुक्रवारी 17 रुपये 23 पैसे होता. युनिटमागे चार रुपये डिव्हिडंड मिळणार होता आणि तो दिवस रेकॉर्ड डेट होता. वॉलफोर्ट शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स या कंपनीने त्या दिवशी आठ कोटींची युनिट घेतली. सोमवारी, 27 मार्चला, भाव झाला 13 रुपये 23 पैसे. बरोबर चार रुपये कमी. कंपनीने त्याच दिवशी सगळी युनिट विकली. डिव्हिडंडचे सुमारे एक कोटी ब्याऐंशी लाख, विक्रीचे पाच कोटी नव्वद लाख, वर प्रोत्साहन म्हणून मिळालेले जवळपास चोवीस लाख. एकूण परत आले सात कोटी शहाण्णव लाख, म्हणजे गेले त्याहून थोडे कमीच.

मग हा उपद्व्याप कशासाठी? 1999 च्या अर्थसंकल्पापासून म्युच्युअल फंडाचा डिव्हिडंड धारकाच्या हाती करमुक्त झाला होता. तेव्हा एक कोटी ब्याऐंशी लाखांवर कर नाही, आणि भाव घसरल्यामुळे कागदावर जो दोन कोटी नऊ लाखांचा तोटा दिसला तो दुसऱ्या नफ्यातून वजा मागायचा. खिशातला पैसा या हातातून त्या हातात गेला, आणि सरकारला तोटा दाखवला. आयकर खात्याने आक्षेप घेतला, प्रकरण मुंबई हायकोर्टातून वर गेलं, आणि जुलै 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. व्यवहार खरा होता आणि तेव्हाच्या कायद्यात त्याला मनाई नव्हती. तोवर कायदा बदललेलाही होता. 2001 सालीच आयकर कायद्यात कलम 94(7) घालून अशा तोट्याला अटकाव केला गेला.

मला यात रस कराचा नाही. शुक्रवार ते सोमवार चार रुपये भावातून निघून खिशात आले, हे कंपन्यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच काळात गावोगावच्या गुंतवणूकदाराला एजंट काय सांगत होते? "लवकर घ्या, पुढच्या आठवड्यात चाळीस टक्के डिव्हिडंड आहे." ते टक्के दर्शनी दहा रुपयांवरचे. सतरा रुपयांच्या युनिटवर ते तेवीस टक्के होतात, आणि तेही तुमचेच तुम्हाला परत. कालच पैसे भरलेल्या माणसाला आज त्यातलेच थोडे परत मिळायचे आणि तो पेढे वाटायचा. याच समजुतीचं दुसरं रूप म्हणजे "नवा फंड घ्या, दहा रुपयांना आहे, जुना दीडशेला आहे." दीडशेच्या फंडात दहा टक्के वाढ झाली की पंधरा रुपये मिळतात, दहाच्या फंडात एक रुपया. लाख रुपयांवर दोन्हीकडे दहाच हजार. पण दहा हा आकडा आपल्या डोक्यात यूएस-64 ने बसवला होता, तो निघायला फार वर्षं लागली.

सेबीने शेवटी 5 ऑक्टोबर 2020 च्या परिपत्रकाने 'डिव्हिडंड' हा शब्दच काढून टाकला. 1 एप्रिल 2021 पासून त्या पर्यायाचं नाव झालं 'इन्कम डिस्ट्रिब्यूशन कम कॅपिटल विथड्रॉवल', म्हणजे उत्पन्नाचं वाटप आणि भांडवलाची उचल. नाव जिभेवर बसणारं नाही, पण प्रामाणिक आहे. वाटलेल्या रकमेत उत्पन्न किती आणि तुमचंच भांडवल किती, हे स्टेटमेंटमध्ये वेगळं दाखवायचं, असंही त्यात आलं. त्याच्या आधीच, एप्रिल 2020 पासून, फंडाने भरायचा वाटपकर रद्द होऊन वाटप धारकाच्या उत्पन्नात धरलं जाऊ लागलं. ज्याचा कराचा टप्पा वरचा त्याला ते जड, ज्याचं उत्पन्नच कमी त्याला हलकं. ब्रिटनमध्ये तर आत साठवलेल्या कमाईवरही, ती हाती आली नसली तरी, धारकाला दर वर्षी कर लागू शकतो. आपल्याकडे ग्रोथवर कर विकल्यावरच. त्यामुळे दोन पर्यायांच्या भावातलं अंतर जरी गणिताचं असलं, तरी शेवटी हातात काय पडतं ते देशाच्या कायद्यावर ठरतं.

आता पुन्हा सोलापूर. त्या दुपारी वाद वाढणार असं दिसताच अम्मी उठली आणि अब्बांची वही घेऊन आली. उर्दू शाळेतल्या मास्तराची वही, अक्षर मोत्यासारखं. 2003 नंतरच्या पानांवर मधूनमधून एक ओळ येत होती: 'युनिट का नफा आया', पुढे तारीख आणि रक्कम. शेजारी खर्च: अम्मीची बीपीची औषधं, धाकट्याच्या डिप्लोम्याची फी, आपाच्या मुलीचा अकीका, एका वर्षी छताची गळती. मी सगळ्या रकमा मांडल्या. बेरीज एक लाख त्र्याऐंशी हजार पाचशे. युनिटमागे 36 रुपये 70 पैसे. दोन भावांतलं अंतर होतं 116 रुपये 90 पैसे. म्हणजे ग्रोथमध्ये तेच 36.70 आत राहिले आणि त्यांनी आणखी 80 रुपये 20 पैसे कमावले. दुसऱ्या फोलिओतल्या त्याच पैशांनी औषधं आणली, डिप्लोमा केला, छत गळायचं थांबवलं.

धाकटा बराच वेळ वहीच्या त्या फीच्या ओळीकडे बघत होता. मग त्याने एक वकिली मुद्दा काढलाच. "म्हणजे तो फोलिओ घरात खर्च झाला. मग अम्मीच्या हिश्शातून तो धरायचा का?" मी म्हटलं, नाही. अब्बांनी हयातीत जे खर्च केलं ते त्यांचं स्वतःचं होतं. तर्का म्हणजे त्यांच्या मागे जे उरलं ते, आणि ते मोजायचं त्या दिवशीच्या भावाने, युनिटच्या संख्येने नाही. दोन्ही फोलिओ मिळून नऊ लाख दीड हजार. अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्याचे पाच भाग, दोन-दोन आम्हा भावांचे, एक आपाचा. अम्मी आणि आपाचं मिळून दोन लाख सत्तर हजारांच्या आसपास येत होतं. 'सोप्या' वाटणीत त्यांना एक लाख अठ्ठावन्न हजार पाचशे मिळाले असते, आणि आम्ही सगळ्यांनी तो न्याय समजून सह्या केल्या असत्या. धाकट्याने आकडे स्वतः पुन्हा करून पाहिले आणि आपाला म्हणाला, "आपा, मला खरंच कळलं नव्हतं." आपा काही बोलली नाही, उठून चहा ठेवायला गेली.

नॉमिनी मी होतो, त्यामुळे युनिट आधी माझ्या नावावर आली. नॉमिनी हा मालक नसतो, सांभाळणारा असतो, हे मी सगळ्यांना लिहून दिलं. दोन्ही फोलिओ विकले, कर बाजूला काढला आणि उरलेलं ठरल्याप्रमाणे वाटलं.

अम्मीने आपला हिस्सा पुन्हा फंडात टाकायचा ठरवला. मी ग्रोथ सुचवलं. ती म्हणाली, "बेटा, मी पंचाहत्तरची. साठवून काय करू?" तिचं म्हणणं बरोबर होतं. फॅमिली पेन्शन सोडली तर तिला दुसरं उत्पन्न नाही, करही लागत नाही. मग आम्ही ती चार अक्षरंवाला पर्याय निवडला. पहिली रक्कम आली तेव्हा तिने अब्बांच्या वहीत, त्यांच्या शेवटच्या ओळीखाली लिहिलं: 'युनिट का नफा आया'. मी त्याच ओळीच्या कडेला त्या दिवशी भाव किती पैशांनी उतरला तो आकडा लिहून ठेवला.